ग्लॅडिसच्या डोईवरची लेस

आमच्या घराच्या जमिनीतून आवाज यायचा. वाकोल्याच्या गावठाणात फिलूआन्टीच्या दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता आणि तिच्या आणि आमच्या संसारात नुसत्या लाकडी फळ्या होत्या. शाळेतून येऊन मी चटईवर आडवी पडले की कानाखालून तो आवाज सुरू व्हायचा. कुणी चिंचोके खेळत बसलंय असं वाटावं, पण चिंचोके खेळणारं माणूस मधे थांबतं, हसतं, भांडतं. हा आवाज थांबत नसे. कटकट, कटकट, मग बारीकसा विराम, मग पुन्हा. आईला विचारलं तर ती म्हणे, घरवालीचे उद्योग, तुला काय करायचंय. आईच्या तोंडी फिलूआन्टीचं नाव तेव्हा कधी येत नसे. ती कायम ‘घरवाली’ होती, आणि आन्टीच्या लेखी आई ‘वरची’.

दोघींचं भांडण असं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. अंगणात नळ एकच होता आणि पाणी यायचं तेव्हा दोघींच्या घागरी एकाच वेळी तिथे पोचायच्या. त्यात आईनं एकदा सुकट वाळत घातली ती नेमकी आन्टीच्या खिडकीच्या वर, आणि खाली आन्टीचे इस्त्रीचे कपडे. तेव्हापासून जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. वासांना मात्र कुणी अडवू शकत नव्हतं. आईच्या तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास जिन्यावरून खाली उतरायचा आणि आन्टीच्या, वर्षाचा कुटून बाटल्यांत भरलेल्या बाटली मसाल्याचा वास फळ्यांच्या फटींतून वर चढायचा. बाबा जेवताना नाक वर करून म्हणत, आज दोन दोन कालवणं आहेत बरं का. ते विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये कामाला होते, विमानातल्या प्रवाशांची जेवणं तिथे ट्रेमध्ये भरली जात. आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की बोलणारं माणूस वाक्याच्या मधे थांबायचं आणि विमान गेलं की तिथूनच पुढे बोलायला लागायचं. त्यात काही वेगळं आहे हे मला लग्न होऊन दहिसरला आल्यावर कळलं. तिथे मी बोलता बोलता उगीच थांबायची आणि नवरा विचारायचा, काय झालं गं?

एका दुपारी आईनं मला भाड्याचे पैसे देऊन खाली पाठवलं. दार उघडंच होतं. आन्टी खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसली होती, फुलाफुलांचा फ्रॉक, केसांचा घट्ट अंबाडा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तिच्यापुढे, एका लाकडी चौकटीत, लोडासारखी गोल उशी होती. उशीवर टाचण्यांचं रान माजलेलं, आणि त्या टाचण्यांमधून खाली लोंबत होत्या बोटभर लांबीच्या लाकडी काड्या. प्रत्येक काडीला पांढरा धागा गुंडाळलेला. पुष्कळ काड्या. आन्टीचे हात त्यांच्यातून असे फिरत होते की मला बोटं दिसेनात. ती चार काड्या उचलायची, त्यांचं काहीतरी व्हायचं, एक टाचणी खुपसली जायची, ती पुढच्या चार उचलायची. आणि टाचण्यांच्या मागे, उशीच्या पाठीवरून, पांढरी शुभ्र लेस हळूहळू वर सरकत होती. दुकानात वाराच्या हिशेबानं मिळते ती लेस मी पाहिली होती. ती कुठेतरी कारखान्यात, मशीनमध्ये होते असं मला वाटायचं. ती माणसाच्या हातातून, सुईशिवाय, हूकशिवाय, नुसत्या धाग्यांना इकडून तिकडे टाकून होते, हे मी पहिल्यांदा बघत होते. पैसे हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. वरून आईची हाक आली, मग दुसरी आली. आन्टीनं मान वर न करता विचारलं, “बसते काय गो?”

मी बसले. खरं सांगायचं तर तिथून मी अजून उठलेली नाही.

आन्टीची आई ती लहान असताना वारली होती आणि ती नन्सच्या बोर्डिंगमध्ये वाढली. तिथे दक्षिणेकडून, पार कन्याकुमारीच्या बाजूनं आलेली एक सिस्टर होती. तिनं मुलींना ही विद्या शिकवली. आन्टी सांगायची की सिस्टरला मराठी येत नव्हतं आणि मुलींना तमिळ, त्यामुळे सगळं शिक्षण हात धरून झालं. आन्टीनंही मला तसंच शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात चारच काड्या दिल्या. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मग म्हणाली की यात करायच्या गोष्टी फक्त दोन आहेत. मधल्या दोन काड्यांपैकी डावी उजवीवरून टाकायची, ही झाली ‘आड’. मग दोन्ही जोड्यांमध्ये उजवी काडी डावीवरून टाकायची, हा झाला ‘पीळ’. बस्स. आड आणि पीळ, एवढंच घेतलं तर जाळी होते. आड, पीळ आणि पुन्हा आड घेतलं तर दाट कापड होतं. खाली पुठ्ठ्यावर नमुना टोचलेला असतो, त्या भोकात टाचणी खुपसायची म्हणजे धागा जागच्या जागी राहतो. मी म्हटलं, एवढंच? आन्टी म्हणाली, एवढंच.

त्या ‘एवढंच’नं मला झपाटलं. मी वर्गात बाकाखाली दोन पेन्सिली आणि दोन पट्ट्या घेऊन आड-पीळ करायची. भाताचे घास कालवताना बोटं आपोआप ओलांडून जायची. माझी पहिली पट्टी झाली ती गांडुळासारखी वाकडी होती, एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे ढिली, पण ती धाग्यांची होती आणि सुटत नव्हती. मी ती जिन्यावरून ओरडत वर नेली. आईनं दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, “डोळे फुटतले तुझे. अभ्यास कोण करतलो?” बाबांनी ती आपल्या शर्टाच्या खिशाला लावून पाहिली, तशीच लावून कामावर गेले, आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, किचनमधल्या सगळ्यांना दाखवली.

आता माझ्या फोनवर जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बायका असंच करताना दिसतात. कुणाच्या उश्या चपट्या, कुणाच्या काड्यांना रंगीत मणी लावलेले. त्यांच्या भाषेतलं मला अक्षर कळत नाही, पण आवाज बंद करून पाहिलं तरी हात काय बोलतायत ते कळतं. परवा नातीनं विचारलं, आजी, हे मशीनवर पटकन नाही का होत? मी म्हटलं, होतं की. मग तिच्या हातात चार काड्या दिल्या. पुढचं तिनं विचारलं नाही.

तर मी शिकत होते, वर्ष सरलं असेल, आणि ग्लॅडिसचं लग्न ठरलं. ग्लॅडिस ही आन्टीची एकुलती एक मुलगी. फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती, उंच टाचांचे बूट घालायची आणि टाइपरायटरसारखंच भरभर बोलायची. लेस करायला बसण्याइतका धीर तिच्या अंगात नव्हता, ती स्वतःच हसून सांगायची. आन्टी मात्र त्या लग्नाची किती वर्षं वाट पाहत होती कोण जाणे. नवरा गेल्यावर तिनं हे घर एकटीनं सांभाळलं होतं. तिनं ठरवलं की मुलीच्या डोक्यावरचं जे पांढरं जाळीचं वस्त्र असतं, त्याची सगळी कड आपण हातानं करायची. त्या वस्त्राला ती ‘वेल’ म्हणायची आणि मी बरेच दिवस समजत होते की ग्लॅडिसच्या डोक्यावरून खरीच जाईजुईची वेल सोडणार आहेत. नमुना असा होता की दोन बोटं रुंदीच्या पट्टीत मधे जाळी आणि तीत ओळीनं पानं, आणि वेलच्या दोन कोपऱ्यांत पानांचं एकेक फूल. पान करणं हे सगळ्यात अवघड काम. तिथे एकच धागा बाकीच्या धाग्यांतून खालीवर फिरत पान विणत जातो. तो जरा जास्त ओढला की पानाची काडी होते, जरा ढिला सोडला की पान पोट सुटल्यासारखं दिसतं. मला ते येत नव्हतं. आन्टी म्हणायची, घाई नको करू, येईल.

एक कोपरा झाला. दुसऱ्या कोपऱ्याच्या थोडं अलीकडे लेस आली असताना एका सकाळी अंगणातल्या कपडे धुण्याच्या दगडाशी आन्टी घसरली. मी शाळेत होते. आले तर आन्टी पलंगावर, उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर, आणि आमची आई तिच्या चुलीवर पेज करत होती. कारण तिच्या घरी त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं आणि पडल्याचा आवाज आईनंच ऐकला होता. आईनंच शेजारच्या माणसांना बोलावून तिला रिक्षात घातलं होतं. मला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी नंतर कळलं. त्या वेळी मला दिसली ती फक्त खिडकीतली उशी. काड्या होत्या तशाच लोंबत होत्या. त्यांना हात लावणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी ग्लॅडिस ऑफिसातून धावत आली. आन्टीच्या प्लास्टरवर हात फिरवत ती खूप रडली, मग डोळे पुसून कामाचं बोलायला लागली. म्हणाली, मम्मी, बाजारात नायलॉनची सुंदर लेस मिळते, आपण तीच लावू, कुणाला कळणारही नाही. तिचं बरोबरच होतं. लग्न तोंडावर आलं होतं, आणि लेस कोणाच्याही हातात देता येत नाही. ती ज्या उशीवर सुरू झाली तिथेच संपवावी लागते, आणि त्या घरात, त्या गल्लीत, माझ्या माहितीप्रमाणे सगळ्या वाकोल्यात, हे काम येणारी आन्टी एकटीच होती. आन्टीनं भिंतीकडे तोंड वळवलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या मुलींसाठी, त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, टेबलांसाठी, कोणाकोणाच्या बाळांच्या टोपड्यांसाठी लेस केली होती, आणि आता स्वतःच्या मुलीसाठी केलेली अर्ध्यात राहत होती. मी दारात उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी करते.”

ग्लॅडिस माझ्याकडे बघत राहिली. आई पेजेचा वाडगा घेऊन उभी होती, तिच्या कपाळावर आठी चढली. आन्टीनं भिंतीकडून तोंड फिरवलं आणि म्हणाली, तुला पान येत नाय. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी करीन. तिनं बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. मग म्हणाली, “हात धुऊन ये. साबणानं.”

त्या दिवसांइतकी मी पुन्हा कधी जिवंत होते असं मला वाटत नाही. शाळा सुटली की दप्तर जिन्यावर टाकायचं, हात धुवायचे, उशीपुढे बसायचं. आन्टी पलंगावरून उठून माझ्या मागे खुर्ची घेऊन बसायची, प्लास्टरचा हात मांडीवर, आणि डावा हात माझ्या खांद्यावर. ती तोंडानं सांगायची, आड, पीळ, टाचणी, पुढची जोडी, नाही ती नाही, तिच्या बाजूची. विमान गेलं की तिचा आवाज बुडायचा, मग ती खांद्यावर बोटानं टकटक करून सांगायची आणि माझे हात चालूच राहायचे. पानाला आलो की ती गप्प व्हायची. पहिलं पान मी उसवलं. दुसरं उसवलं. तिसऱ्या पानाला तिनं नुसता माझा खांदा दाबला, धागा किती ओढायचा तेवढाच, आणि ओढ कुठे थांबली पाहिजे ते माझ्या बोटांना एकदम कळलं. पान झालं. तांदळाच्या दाण्यासारखं, दोन्ही टोकांना निमुळतं, मधे भरलेलं. मी उठून अंगणात धावत गेले आणि नळाभोवती दोन चकरा मारून परत येऊन बसले. आन्टी हसत होती.

आई वरून खाली यायची, कधी जेवायला बोलवायला, कधी आन्टीला भात द्यायला. आली की दारातच उभी राहायची आणि ओरडायची, की सहामाही जवळ आली आहे, वर चल. मी पाच मिनिटं, पाच मिनिटं म्हणायची. एकदा ती मला हाताला धरून उठवायच्या बेतानं आत आली, उशीपाशी वाकली आणि तशीच थांबली. जाळीचा भाग चालला होता. ती चष्मा नसलेले डोळे बारीक करून पाहत राहिली आणि जरा वेळानं म्हणाली, “ह्या तर जाळाच आसा.” मग मला तिथेच सोडून वर गेली. त्या रात्री मला अभ्यासावरून बोलणी बसली नाहीत. आईचं माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचं, मासेमारी करणाऱ्या घरातलं, हे मला माहीत होतं, पण ती तिथे काय काय करायची हे मी कधी विचारलंच नव्हतं.

कोपरा आला. सगळ्या काड्यांनी एकाच वेळी दिशा बदलायची असते तिथे, आणि फुलाची पानं एका बिंदूतून निघतात. लग्न आता इतकं जवळ आलं होतं की अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते, बायका येऊन मसाल्याच्या बाटल्या मोजून जात होत्या, कुणाला किती फुगे तळायचे याच्या चर्चा माझ्या डोक्यावरून चालल्या होत्या. फुगे म्हणजे त्यांच्याकडे लग्नाला करतात ते गोडसर, फुगलेले पावाचे गोळे. मी फुलाच्या शेवटच्या पानात होते. धाग्यात कुठेतरी एक कच्ची जागा असावी, मी नेहमीइतकाच ओढला, आणि तो फिरता धागा तुटला. अगदी टाचणीच्या तोंडाशी. पुढे नखाएवढं टोक शिल्लक.

आन्टी उठून उभी राहिली. एरवी धागा संपत आला की नवा धागा त्याच्याबरोबर थोडा वेळ चालवतात आणि मग जुना सोडतात, पण त्याला शिल्लक धागा लागतो. इथे तो नव्हता. उसवून धागा मोकळा करायचा तर पानं एकमेकांत अडकलेली, म्हणजे सगळं फूल उसवायचं, आणि फुलाच्या आधीची जाळीही. तेवढा वेळ नव्हता. आन्टीनं डाव्या हातानं ते टोक धरायचा प्रयत्न केला, पण डाव्या हाताला ते जमेना. ती खुर्चीत बसली. ग्लॅडिस आतून आली, काय झालं ते तिला समजलं, आणि तिनं आन्टीच्या गळ्यात हात टाकून हळूच म्हटलं, राहू दे मम्मी, खूप झालं. मला फक्त एवढंच कळत होतं की मी काड्यांवरून हात उचलला तर सगळं संपेल, म्हणून मी हात तसेच धरून बसले होते.

आई त्या वेळी आन्टीचं जेवण घेऊन आली होती. ताट तिनं पलंगावर ठेवलं. “सरक,” ती म्हणाली, “माका बघूंदे.”

पदराला हात पुसून तिनं उशीवर वाकून ते टोक पाहिलं. मग नव्या धाग्याचा एक तुकडा मागितला. त्याला दाताखाली धरून ओलं केलं, दोन बोटांत एक बारीक फास केला, तो त्या नखाएवढ्या टोकावरून सरकवला आणि अशी काही ओढ दिली की ते टोक उडी मारून फासाच्या आत गेलं. हे इतक्या पटकन झालं की मला दिसलंच नाही. गाठ झाली, पण गाठ दिसत नव्हती. आन्टी चष्मा लावून उशीवर जवळजवळ पडली. मग तिनं मान वर करून आईकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्यामार्फत नाही, सरळ तिलाच विचारलं की ही गाठ तुला कुणी शिकवली.

“रापणीचा जाळा फाटला की माझो बापूस माकाच बसवायचो,” आई म्हणाली. “पोराबाळांची बोटा बारीक असतत मां.” आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं, कारण तिची बोटं आता काही बारीक राहिली नव्हती.

तिनं मला बाजूला केलं नाही. पण वरही गेली नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिली, आणि आन्टी आणि ती त्या एकाच ताटातून जेवल्या. मी पान पुरं केलं, कोपरा वळवला आणि शेवटच्या सरळ तुकड्यावर आले. तिथून पुढे माझ्या मागे दोन आवाज असत. एक सांगायचा आड, पीळ, आणि दुसरा मधेच म्हणायचा, थयसून नको गो, सैल पडतला. आईला लेस येत नव्हती, पण सैल काय आणि घट्ट काय हे तिला येत होतं. जाळ्याच्या एका चुकलेल्या गाठीतून केवढा मासा निघून जातो याच्या गोष्टी ती आन्टीला सांगायची आणि आन्टी तिला त्या तमिळ सिस्टरच्या, जी मुलींनी घाई केली की काडीनंच त्यांच्या बोटांवर टकटक करायची. सुकटीचा विषयही एकदा निघाला. आन्टी म्हणाली, वास वाईट नव्हता, फ्रॉक पांढरा होता. दोघी खूप हसल्या.

लेस पुरी होते तेव्हा ती पूर्ण झाली असं वाटत नाही, कारण टाचण्या तिला धरून असतात. टाचण्या काढल्या की कळतं, ती स्वतःची स्वतः उभी राहते की नाही. आन्टीनं सांगितलं, तूच काढ. मी एकेक टाचणी काढून वाटीत टाकत होते, टिक, टिक. शेवटच्या टाचणीनंतर लेस उशीवर तशीच पडून राहिली, जराही हलली नाही. मग आन्टीनं एका टोकाला धरून ती उचलली. ती उचलली गेली, हवेत लोंबली, कोपऱ्यातलं फूल खाली झुकलं आणि त्याच्या पानांमधून पलीकडची खिडकी दिसली. मी किंचाळले. आईनं मला दटावलं, पण तिचेही दोन्ही हात तोंडावर होते.

लग्नाच्या दिवशी मी देवळात शेवटच्या बाकाच्या कडेला बाबांच्या शेजारी उभी होते. ग्लॅडिस मामाच्या हाताला धरून आत आली. तिचे बूट, गजरे, मोठ्ठा फुलांचा गुच्छ, मी काहीच पाहिलं नाही. माझे डोळे जमिनीवर, वेलच्या शेवटाला. ती सरकत सरकत माझ्या बाकापाशी आली, आणि माझी पानं माझ्या पायांशेजारून गेली. बाबांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की दुखला. नंतर मांडवात जेवणाच्या वेळी ग्लॅडिसच्या सासरची एक म्हातारी वेल हातात घेऊन आन्टीला विचारत होती की तुझा हात तर प्लास्टरमध्ये आहे, मग हे कुणी केलं. आन्टीनं तोंड उघडायच्या आत आमच्या आईनं, जी अनोळखी माणसांत कधी मान वर करून बोलली नव्हती, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “माझ्या चेडवान केल्यान.”

ग्लॅडिस नवऱ्याबरोबर दूरदेशी गेली आणि वेल तिच्याबरोबर गेली. मला वाटलं होतं आन्टीचं घर आता सुनं होईल. उलट झालं. तिचं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात तिनं उशी झटकून पुन्हा खिडकीत मांडली आणि माझ्यापुढे एक कोरा पुठ्ठा ठेवला. म्हणाली, आता दुसऱ्याच्या नमुन्यावर नको. तुला हवं ते काढ. मला काही सुचेना. फूल नको, पान नको, ती खूप झाली होती. आई बाजूला बसून शेंगा सोलत होती, ती म्हणाली, बांगडो काढ. मी हसले, आन्टी हसली नाही. तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. मी मासा काढला. आईनं तो पाहिला आणि म्हणाली, बांगड्याची शेपटी अशी नसता. मी खोडून पुन्हा काढला. मग आन्टी आणि मी बसून तो टाचणीनं टोचला, पाठीवरच्या तिरक्या पट्ट्यांना जाळी, डोळ्याला एक भोक. पोट आम्ही रिकामंच ठेवणार होतो, पण आई ऐकेना. “पोट भर त्याचा,” ती म्हणाली, “गाबोळीचो बांगडो आसा.” म्हणून पोटात, अंडी असल्यासारखी, दाट वीण भरली. तो मासा आम्ही तिघींनी केला. आळीपाळीनं. आईनं आड आणि पीळ शिकून घेतलं ते तेव्हा, आणि तिची ओढ माझ्यापेक्षा चांगली होती, हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं आणि ती गेली त्याच्या आदल्या वर्षीही.

आन्टीनं तो बांगडा आपल्या देव्हाऱ्यात, मारियाच्या मूर्तीच्या पायांखाली अंथरला. मेणबत्त्या दोन्ही बाजूंना. पुढच्या ईस्टरनंतर चर्चचे फादर घरोघरी आशीर्वाद द्यायला आले. आई आणि मी वरून मुद्दाम खाली येऊन दाराशी उभ्या राहिलो होतो. फादरनी प्रार्थना म्हटली, खोल्यांतून फिरून पाणी शिंपडलं आणि देव्हाऱ्यापाशी येऊन थांबले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, हे काय आहे. आन्टी सरळ उभी राहून म्हणाली, बांगडा हाय, फादर. फादरनी मान हलवली, जणू सगळ्यांच्याच देव्हाऱ्यात बांगडा असतो, आणि त्यावरही पाणी शिंपडलं. लेसवर थेंब उमटले. आन्टी फ्रॉकचं टोक घेऊन ते टिपायला पुढे झाली, तर आईनं तिचा हात धरला.

“असांदे गो फिलूबाय,” ती म्हणाली. “पाण्यातलोच तो.”